भुताला नियम पाहिजे

मागच्या अंकात 'थामा' या हिंदी पिक्चरवर चार ओळी लिहिल्या होत्या, की कल्पना भारी आहे पण भीती कुठेच वाटत नाही, तर त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर हॉरर कॉमेडीलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, शेवट कुठल्याच पिक्चरचा फोडलेला नाही, पण गोष्ट थोडी थोडी सांगावी लागलीये तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मी शाळेपासूनचा हॉररवाला, लाइट बंद करून हेडफोन लावून एकटा बघणारा. पण आता जो उठतो तो हॉरर कॉमेडी काढतोय आणि मला ना धड भीती वाटते ना धड हसू येतं. या प्रकारातच दम नाही का माझीच आवड जुनी झाली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रकारात दम आहे हो, प्रचंड आहे, आणि तुमच्या आवडीला काही झालेलं नाही. गडबड कुठे होते सांगते. बऱ्याच लोकांना वाटतं हॉरर कॉमेडी म्हणजे अर्धा हॉरर अधिक अर्धी कॉमेडी, म्हणजे दहा मिनिटं पोरं पांचट जोक मारणार मग एक भूत धाडकन समोर येणार मग परत जोक. असं केलं की दोन्ही मेलं. माझं या बाबतीत ठाम मत आहे आणि या सगळ्या उत्तरांत तुम्हाला तेच परत परत दिसेल, की भुताला नियम पाहिजे आणि तो नियम पिक्चरने शेवटपर्यंत सिरियसली पाळला पाहिजे. भूत कधी येतं, कोणाला धरतं, कशाने थांबतं. हे एकदा पक्कं झालं की हसू आपोआप माणसांकडून येतं, कारण घाबरलेला माणूस नियमातून पळवाट काढायला बघतो आणि तिथे त्याचं खरं रूप बाहेर पडतं.

2018 चा 'स्त्री' घ्या. चंदेरी गाव, पूजेच्या चार रात्री, ती येते, पुरुषाला नावाने हाक मारते, तो वळला की गेला आणि मागे फक्त कपडे. दारावर 'उद्या ये' असं लिहिलं की ती वाचून परत जाते. बंगळुरात नव्वदच्या दशकात लोकांनी खरोखर घराघरांवर कन्नडमध्ये असं लिहून ठेवलं होतं, 'नाळे बा', तिथूनच ही गोष्ट उचलली. आता बघा, एवढ्या एका नियमाने काय झालं, की गावातले सगळे बाप्ये अंधार पडायच्या आत घरात, एकट्याने बाहेर पडायची हिंमत नाही, कोणीतरी सोबत पाहिजे. म्हणजे बायका जन्मभर जे करतात ते चार रात्री पुरुषांना करावं लागतं. कोणीही भाषण देत नाही, तरी थिएटरमधल्या प्रत्येक बाईला कळतं काय चाललंय, आणि हसता हसता अंगावर काटा येतो. दिग्दर्शक अमर कौशिकने त्यात भुताची थट्टा जवळपास केलीच नाही, थट्टा आहे ती हिरो विकी आणि त्याच्या दोस्तांची. म्हणून तो टिकला.

बाहेरचं उदाहरण पाहिजे तर न्यूझीलंडचा 2014 चा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज'. वेलिंग्टनमध्ये एका घरात व्हॅम्पायर रूममेट राहतात आणि भांडी कोणी घासायची यावरून भांडतात. व्हॅम्पायरचा जुना नियम असा की कोणी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, तर हे बिचारे रात्री नटूनथटून क्लबच्या दाराशी उभे, आणि बाउन्सर 'आत या' म्हणत नाही तोवर अडकलेले. नियम शंभर वर्षांपूर्वीचा, जोक आजचा, आणि नियम मोडलेला नाही. तुम्ही नाशिकला लाइट बंद करून हा बघाच.

तर पुढच्या वेळी पिक्चर आवडला नाही की स्वतःला विचारा, भुताचा नियम मला सांगता येतोय का. नसेल येत तर दोष तुमचा नाही.

प्रश्न : 'मुंज्या' बघून माझी आजी चिडली. म्हणाली मुंजा असा नसतो, हे कायतरीच दाखवलंय. तुमचं मत काय? (कॉलेजची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : आजींचं बरोबर आहे आणि पिक्चरवाल्यांचंही चूक नाही. आपल्याकडे मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज किंवा लग्न व्हायच्या आत गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. बऱ्याच ठिकाणी पिंपळाखाली त्याचा पार असतो, लोक हात जोडून पुढे जातात, तो त्रास देतो पण मुळात ते अपुरं राहिलेलं लहान पोर आहे ही जाणीव त्या श्रद्धेत असते. जून 2024 मध्ये आलेल्या पिक्चरमध्ये गोट्या नावाचा पोरगा आहे, काळ 1952, त्याला त्याच्यापेक्षा मोठ्या मुन्नीशी लग्न करायचंय आणि त्यासाठी तो अघोरी प्रकाराला जातो, म्हणजे हट्टाने पेटलेलं पोर. मग तो त्याच घराण्यातल्या आजच्या बिट्टूच्या मागे लागतो, दिसतो पण त्यालाच, आणि मागणं तेच एक, लग्न लावून दे. आजींच्या मुंजाची करुणा इथे कमी आहे हे खरं. पण हट्ट मात्र अस्सल आहे, आणि त्या हट्टातून भीती पण येते आणि हसू पण.

मला सगळ्यात जास्त आवडला तो आजी आणि नातवाचा भाग. सुहास जोशींनी ती आजी अशी उभी केलीये की घरातलं जुनं पाप कोणीतरी एकटीने इतकी वर्षं सांभाळून ठेवलंय हे तिच्या डोळ्यांत दिसतं. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला मराठी माणूस, त्यामुळे घर, देवघर, बोलणं, काकाचा दरारा हे सगळं ओळखीचं वाटतं. मुंज्या स्वतः पूर्ण कम्प्यूटरवर केलेला आहे, आणि मला तो जेवढा अर्धवट दिसतो, पानांआड, अंधारात, नुसता आवाज, तेवढा जास्त भिववतो. उत्तरार्धात तो इतका वेळ भर उजेडात नाचतो की भीती ओसरते, ती माझी खरी तक्रार.

आजींना सांगा की त्यांना माहीत असलेला मुंजा त्यांनी तुम्हाला सविस्तर सांगावा, आणि ते लिहून ठेवा. मस्करी नाही करत, खरंच लिहून ठेवा, हे सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत.

प्रश्न : 'स्त्री', 'मुंज्या', 'थामा' या सगळ्या एकमेकांत गुंतलेल्या पिक्चरचा क्रम काय? आणि पुढचा बघायच्या आधी मागचे सगळे बघायलाच पाहिजेत का? (कोल्हापूर, सोलापूर आणि डोंबिवलीहून मिळून बरेच जण)

उत्तर : क्रम सोपा. 'स्त्री' 2018, 'भेडिया' 2022, 'मुंज्या' जून 2024, 'स्त्री 2' ऑगस्ट 2024, 'थामा' दिवाळी 2025. 2021 चा 'रूही' पण त्याच निर्मात्यांचा, पण तो सोडला तरी काही अडत नाही. 'स्त्री 2'च्या आधी 'स्त्री' बघाच, बाकी सुटे सुटे बघितले तरी गोष्ट कळते.

पण विचारलंच आहे तर बोलते, कारण हे माझ्या डोक्यात कधीपासून आहे. सगळी भुतं एका दुनियेत आणली की बॉक्स ऑफिसला मजा येते, थिएटरमध्ये लांडगा झालेल्या भेडियाची एन्ट्री झाली की शिट्ट्या पडतात, मी पण त्या आनंदात असते. पण भूत एकदा हिरो झालं की ते दुसऱ्या भुताशी मारामारी करतं, आणि मारामारीत भीती नसते, कोण जिंकणार एवढंच उरतं. 'स्त्री 2'मधला सरकटा बघा, धड एकीकडे मुंडकं एकीकडे, आणि तो उचलतो कोणाला तर गावातल्या नव्या विचारांच्या मुलींना. काय जबरदस्त नियम आहे! पहिल्या भागात बाप्ये घरात कोंडले गेले होते, आता बायकांना कोंडायला कोणीतरी आलंय आणि गावातल्या पुरुषांना ते हळूहळू पटायला पण लागतं. हा भाग मला पहिल्या 'स्त्री'पेक्षा जास्त भयंकर वाटला. मग क्लायमॅक्सला जी आदळआपट सुरू होते त्यात ते सगळं वाहून जातं.

'थामा'चं दुःख तेच. वेताळ लोक रक्त पिणारे, पण फाळणीनंतर त्यांनी माणसाचं रक्त सोडलं, कारण माणसांनी एकमेकांचं जे केलं ते बघून त्यांना आपल्यापेक्षा माणूसच भयानक वाटला. अहो, या एका कल्पनेवर अख्खा पिक्चर उभा राहिला असता! 1947 ची एक पूर्ण गोष्ट होती ती. पण पुढच्या पिक्चरची दारं उघडायच्या घाईत तिला दोन मिनिटं मिळतात. 'थामा' पण सरपोतदारांचाच, त्यांनी ती घाई न करता परत एक छोटा, एका गावातला पिक्चर करावा असं मला मनापासून वाटतं. त्यांचा 2024 चाच 'ककुडा' ओटीटीवर आला होता, त्यात गावातल्या प्रत्येक घराला दोन दारं, एक मोठं एक छोटं, आणि मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला छोटं दार उघडं ठेवायचंच, नाही ठेवलं तर घरच्या पुरुषाला कुबड येणार आणि तेराव्या दिवशी तो जाणार. पिक्चर पुढे विस्कटतो, पण त्या दाराची कल्पना अजून मनातून जात नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, भुताचा पिक्चर शाळेत सगळ्यांनी बघितलाय म्हणून हट्ट करतोय. दाखवू का? रात्री झोपला नाही तर? (एक आई, ठाणे)

उत्तर : आधी सर्टिफिकेट बघा. पूर्वी नुसतं यूए असायचं, आता यूए 7+, यूए 13+, यूए 16+ असं वेगळं लिहिलेलं असतं, 2024 च्या नवीन नियमांनी आलंय ते, आणि आईबापांसाठी खरंच उपयोगाचं आहे. 13+ किंवा 16+ असेल तर 'शाळेत सगळ्यांनी बघितलाय' याला बळी पडू नका. आणि भीतीपेक्षा मला या पिक्चरमधल्या दुअर्थी जोकची जास्त काळजी वाटते, ते आठ वर्षांचं पोर घरी येऊन पाहुण्यांसमोर बोलून दाखवतं.

आधी तुम्ही एकट्या बघा. मग दाखवायचा ठरला तर दिवसा, घरी, आवाज कमी ठेवून, कारण हॉररची निम्म्याहून जास्त भीती कानातून येते, आवाज उतरवला की मुलांना झेपतं. घाबरला तर 'घाबरतोस काय' म्हणून हसू नका प्लीज, तिथल्या तिथे थांबवा, हे कसं करतात ते सांगा, मेकअप, बाहुली, कम्प्यूटर. मुलांना ते ऐकायला फार आवडतं. आपल्या पिढीला तात्या विंचूने किती रात्री जागवलंय आठवा, आणि रामदास पाध्यांनी ती बाहुली बनवलीये आणि तेच ती हलवतात हे कळल्यावर किती हलकं वाटलं होतं ते पण आठवा.

प्रश्न : असले पिक्चर बघून लोक परत भूतबाधा आणि मांत्रिकांकडे वळणार. तुम्ही कौतुक कसं करता? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, तुमची चिंता मी हलक्यात घेत नाही, आणि साताऱ्याहून हा प्रश्न यावा याला फार अर्थ आहे. तुमच्याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, भूत उतरवायच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं, कोंडणं हा आज आपल्या राज्यात गुन्हा आहे. ज्या पिक्चरमध्ये मांत्रिक येऊन बाईला झोडपतो आणि ते विनोद म्हणून दाखवतात तो मला सहन होत नाही, मी उठून जाते.

पण उलट्या दिशेने जाणारे पिक्चर पण याच प्रकारात आहेत. जुलै 2025 मध्ये आलेला कन्नड 'सु फ्रॉम सो' बघा अशी तुम्हाला आग्रहाची विनंती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव, अशोक नावाचा पोरगा एका भानगडीतून सुटायला अंगात आल्याचं नाटक करतो, आणि गाव त्याला विचारतं तू कोण, तर म्हणे सोमेश्वरची सुलोचना. झालं, अख्खं गाव खरं धरून बसतं. भूत नाहीच आहे, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तरी दोन तास आपण खिळून राहतो, कारण अफवा गावात कशी फिरते, मोठी माणसं तोंड वाचवायला काय काय करतात, बाबा-बुवा त्यात कसा पाय रोवतो हे इतकं बारकाईने दाखवलंय. आणि मग त्या खोट्या नावामागे एक खरं घर निघतं, तिथे एका मुलीचं खरं दुखणं असतं, तेव्हा हसणारं थिएटर गप्प होतं. जे. पी. तुमिनाड या नव्या दिग्दर्शकाने कमी बजेटमध्ये केलेला हा पिक्चर माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली हॉरर कॉमेडी आहे, आणि तिच्यात एकही भूत नाही. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी दाखवावा असा आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत आठ-दहा मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा एकत्र पिक्चर बघतो. हिंदी सोडून काय बघू? सबटायटल चालतील. (एक वाचक, एडिसन)

उत्तर : वा, आठ-दहा कुटुंबं म्हणजे हा प्रकार बघायला एकदम योग्य गर्दी. साधा हॉरर एकट्याने बघावा, हॉरर कॉमेडी कधीच नाही. एक जण किंचाळतो, दुसरा त्याला हसतो आणि मग दोघंही पुढच्या सीनला एकमेकांना धरून बसतात, हे सोफ्यावर एकटं बसून होत नाही.

सुरुवात मल्याळम 'रोमांचम'ने करा, 2023 चा. 2007 मधलं बंगळूर, एका भाड्याच्या घरात एकावर एक कोंबलेली बॅचलर पोरं, पैसे नाहीत, टाइमपास म्हणून कॅरम बोर्डवर आत्मे बोलवायचा खेळ खेळतात. बाहेरगावी शेअरिंगमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला त्यातलं घर ओळखू येईल. मग बंगाली 'भूतेर भविष्यत', 2012, कोलकात्यातल्या जुन्या वाड्यात वेगवेगळ्या काळातली भुतं राहतात आणि शहरात जुने वाडे पाडायला लागल्यावर आता आपण राहायचं कुठे हा त्यांचा प्रश्न. पुण्यातल्या वाड्यांत वाढलेले कोणी तुमच्यात असतील तर त्यांना जरा जास्तच लागेल. तेलुगूत 2017 चा 'आनंदो ब्रह्मा' आहे, त्यात भुतंच माणसांना घाबरतात. आणि घरचं म्हणून 'झोंबिवली', 2022, डोंबिवलीतले झॉम्बी, एकीकडे टॉवरवाली सोसायटी आणि दुसरीकडे वस्ती, हाही सरपोतदारांचाच. पोरांना मराठीत झॉम्बी आहेत हे ऐकूनच आनंद होईल.

प्रश्न : मराठीत 'झपाटलेला', 'पछाडलेला' झाले, मग पुढे काय? आमच्याकडे भुतं कमी आहेत का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : सावंतवाडीवाल्याने हे विचारावं! तुमच्या पंचक्रोशीत जेवढा माल आहे तेवढा देशात कुठे नसेल. पण आधी महेश कोठारेंना मान द्यायला पाहिजे, 1993 च्या 'झपाटलेला'मध्ये नियम किती चोख होता बघा. गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुलीत गेला, आता परत माणूस व्हायचं तर लक्ष्याच्याच शरीरात शिरायला पाहिजे, आणि लक्ष्या सांगतोय की बाहुली बोलते पण कोणी ऐकत नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंनी त्यात घाबरणं इतकं खरं केलंय की आपण हसतो ते त्याच्यावर नाही, त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांवर. कल्पना परदेशी होती म्हणून लोक नाक मुरडतात, पण श्रीरंगपूर नावाचं ते गाव, तो पोलीस, ती आई, सगळं आपलं होतं.

आता पुढचं. देवचार घ्या, तुमच्याकडचा आणि गोव्याचा. घोंगडं, हातात काठी, रात्री वहाणांचा आवाज करत गावाची सीमा राखणारा. भूत म्हणावं तर राखणदार आणि राखणदार म्हणावं तर भीती वाटते, म्हणजे या प्रकाराला जे पाहिजे तेच. फक्त एक सांगते, आरवलीच्या वेतोबासारखी जी दैवतं आहेत, ज्यांना लोक श्रद्धेने चपला आणि केळी वाहतात, त्यांना विनोदात ओढू नये, हसायचं असेल तर रात्री बाटली घेऊन सीमेबाहेर जाणाऱ्या माणसांवर हसावं. मग आचऱ्याची गावपळण, अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं आणि गाव रिकामं. त्या तीन रात्रींत गावात कोणी मागे राहिलं तर? किंवा वेशीबाहेर झोपड्यांत एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ शेजारी आले तर? 'अल्याड पल्याड' 2024 मध्ये अशाच प्रथेवर आला होता, पण एका पिक्चरने हा विषय संपत नाही.

आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे चकवा. त्याला रूप नाही, चेहरा नाही, मेकअप नाही. आपल्याच रोजच्या वाटेने माणूस रात्री निघतो आणि पहाटेपर्यंत त्याच शेताला फेऱ्या मारत राहतो, आणि उपाय एकच सांगतात, जिथे आहात तिथे बसून राहा, उजाडलं की वाट दिसते. याहून सुंदर नियम मी कुठल्याच भाषेत ऐकला नाही. आता विचार करा, लग्नाहून परतणारी चार माणसं, त्यातल्या दोघांचं जमिनीवरून भांडण, एकाला सकाळी सातची एसटी पकडायचीच आहे, एक म्हातारी सारखी म्हणतेय बसा रे, आणि कोणी बसत नाही. एक रात्र, एक शेत, एक बॅटरी, व्हीएफएक्सचा रुपया लागणार नाही, फक्त आवाज आणि माणसं नीट पाहिजेत. तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कोणी असं काही लिहीत असेल तर सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी पूर्ण वाचून कळवीन.